धूळ कोंडणारी पेटी

[नभोवाणीवरील भाषण]



आषाढांत वसईच्या पाचूबंदरावर होड्या वर ओढलेल्या असतात. समुद्र बंद, मासेमारी बंद. इंजिनें खोलून त्यांची डागडुजी करण्याचा तोच काळ. गेल्या वर्षीं अशाच एका सकाळीं तेथील एक तरुण नाखवा डिझेल इंजिनाचे गंजलेले भाग गोणपाटांत गुंडाळून माझ्याकडे आले. घरामागच्या पडवींत मीं लोखंडी पत्र्याची एक पेटी उभी केली आहे. तिच्यांत गंजलेली वस्तु ठेवावयाची, आणि दाबलेल्या हवेच्या झोतानें तिच्यावर कठीण कणांचा मारा करावयाचा. गंज आणि जुना रंग उडून जातो व खालचें करडें, स्वच्छ लोखंड उघडें पडतें. कारखान्यांतील मंडळी या कामास सँडब्लास्टिंग म्हणतात. नाखव्यांनीं पेटी चोहों बाजूंनीं न्याहाळली, डब्यांतील तपकिरी भुकटी चिमटींत धरून पाहिली, तिची किंमत विचारली आणि म्हणाले, "काका, हें विकत कशाला आणतां? खानिवड्याची रेती हवी तेवढी आणून देतों." दुसऱ्या दिवशीं त्यांनीं खरोखरच एक पोतें आणून अंगणांत ठेवलें.

त्यांचा प्रश्न वेडगळ नव्हता. 'सँड' म्हणजे वाळू हें तर नांवांतच आहे. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन या गृहस्थानें १८७० सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें, तें वाळू डोळ्यांपुढें ठेवूनच. वाऱ्यानें उडणारी वाळू खिडक्यांच्या कांचा आंधळ्या करते, हें पाहून त्याला ही कल्पना सुचली अशी आख्यायिका आहे. राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावर सुरूच्या बागेमागें ज्यांचीं घरें आहेत त्यांना ती खरी मानण्यास अडचण पडूं नये. वाळूच्या झोतानें कांचेवर नक्षी उठूं लागली, दगडावर अक्षरें कोरलीं जाऊं लागलीं, ओतीव लोखंड साफ होऊं लागलें. या कामाची किंमत काय पडते, हें कळावयास मात्र बराच काळ गेला.

वाळूचा कण लोखंडावर वेगानें आपटला कीं फुटतो. फुटून त्याचे जे तुकडे होतात त्यांतील मोठे खालीं पडतात. लहान तुकडे मात्र डोळ्यांस दिसतहि नाहींत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका जाड असा गारेचा कण स्थिर हवेंत माणसाच्या नाकाच्या उंचीवरून जमिनीवर येण्यास सुमारें पांच तास घेतो. म्हणजे दुपारीं केलेल्या कामाची धूळ दिवेलागणीलाहि हवेंतच असते, आणि खोली मात्र स्वच्छ दिसते. असा कण श्वासाबरोबर फुप्फुसांच्या अगदीं शेवटच्या पोकळ्यांपर्यंत जातो. तेथील रक्षक पेशी त्याला गिळतात. पण गारेचा कण पचत नाहीं, उलट ती पेशीच मरते, आणि तो कण पुन्हां मोकळा होऊन दुसरीच्या वाट्याला येतो. या झटापटींत फुप्फुसांत वण पडत जातात, तें घट्ट होतें, आणि श्वास अपुरा पडूं लागतो. याला सिलिकोसिस म्हणतात. पडलेले वण पुसणारें औषध नाहीं. शिवाय अशा फुप्फुसांत क्षयाला वाव मिळतो.

आपण लहानपणीं पाटीवर ज्या दगडी पेन्सिलीनें अक्षरें गिरवलीं, ती बनविणाऱ्या मध्य प्रदेशांतील मंदसोरच्या कामगारांत हा रोग किती माजला होता, हें वैद्यकशास्त्राच्या ग्रंथांत नमूद आहे. तुर्कस्तानांत जीनच्या नव्या कापडाला जुनेपणाची कळा आणण्यासाठीं त्याच्यावर वाळूचा मारा करीत. तें काम करणारीं तरुण पोरें या रोगानें दगावलीं, तेव्हां २००९ सालीं तेथील सरकारनें तें बंद केलें. इंग्लंडनें माऱ्याच्या कामांत वाळू वापरण्यास १९४९ च्या नियमांनीं बंदी घातली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यानें सिलिकोसिस हा सरकारास कळविण्याजोग्या रोगांच्या यादींत घातला, आणि महाराष्ट्राच्या कारखाने-नियमांतहि माऱ्याच्या यंत्रांत गारेची वाळू घालण्यास मनाई आली. परंतु घरामागच्या पडवींत कोणी निरीक्षक येत नाहीं. तेथें मालक, कामगार आणि निरीक्षक एकच माणूस असतो, आणि शेजारच्या खोलींत त्याचीं मुलेंबाळें असतात.

आमच्या बाजूची वाळू शुद्ध गारेची नव्हे, ती काळ्या कातळाच्या चुऱ्याची आणि शिंपल्यांची मिसळ असते, असें कोणी म्हणेल. तें कांहीं अंशीं खरें आहे. पण गारेचा अंश तिच्यांत असतोच, आणि कोणत्या पोत्यांत किती, हें पोत्याकडे पाहून सांगतां येत नाहीं. खाडीच्या वाळूंत वर मीठ असतें. गंज काढावयाचा आणि त्याच हातानें लोखंडावर मीठ चोळावयाचें, असा तो व्यवहार होतो.

माझ्या डब्यांतील तपकिरी भुकटी म्हणजे कुरुंद. धार लावणाऱ्याच्या चाकांतला कुरुंद आपल्या परिचयाचा आहे. इंग्रजींतील 'कोरंडम' हा शब्द आपल्याच देशांतून, तमिळांतून, तिकडे गेला. आज बाजारांत मिळतो तो बहुधा बॉक्साइट विजेच्या भट्टींत वितळवून केलेला असतो; दुकानदार त्याला ब्राऊन ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणतात. काठिण्याच्या मापावर गार सातवी, कुरुंद नववा. तो सहज फुटत नाहीं, म्हणून चाळून पुन्हां पुन्हां वापरतां येतो. नाखव्यांना मीं हिशेबच करून दाखविला: वाळू एका माऱ्यांत निकामी होते, कुरुंद अनेक माऱ्यांस पुरतो, फुकटची वस्तु एवढी कांहीं फुकट नाहीं. लोखंडासाठीं ८० नंबरचा कुरुंद बरा. ॲल्युमिनियमच्या नरम भागांना, उदाहरणार्थ स्कूटरच्या कार्बुरेटरला, कांचेचे बारीक मणी घ्यावे. त्यांना ग्लास बीड म्हणतात. कांच सिलिकेचीच, पण ती स्फटिकरूप नसते. हा भेद महत्त्वाचा आहे.

आतां पेटी. ती दोन रीतींनीं मिळते. एक, सुट्या पत्र्यांचा संच विकत आणून घरीं जोडावयाचा. दुसरी, वालीव किंवा गोखिवऱ्याच्या एखाद्या गाळ्यांतून १८ गेजचा पत्रा वांकवून, जोड देऊन घ्यावयाची. मीं पहिली रीत पत्करली आणि तिचें फळ भोगलें. संच आला, सोबतच्या चित्राप्रमाणें मीं एका दिवसांत स्क्रू आवळले, पेटी टेबलावर ठेवली आणि कामास लागलों. मारा उत्तम होत होता. आठ दिवसांनीं पडवीला लागून असलेल्या खोलीची खिडकी लावतांना तावदानावर माझें बोट फिरलें आणि त्यावर स्पष्ट रेघ उमटली. त्या खोलींत माझा नातू झोपतो. पेटींत कुरुंद होता, वाळू नव्हती, हें खरें. पण गंजाची, जुन्या रंगाची आणि इंजिनाच्या काजळीची भुकटी त्याच वाटेनें येत होती. जी पेटी धूळ आंत ठेवीत नाहीं ती काय कामाची? कणांचा मारा उघड्या अंगणांतहि करतां येतो. पेटी करावयाची ती धूळ कोंडण्यासाठीं.

त्या रात्रीं मीं पडवींतील दिवे मालवले, पेटीतील दिवा काळ्या कापडानें झांकला, तोंडाला चांगला मुखवटा बांधून मारा सुरू केला आणि बॅटरीचा झोत जोडांवरून आडवा फिरविला. दिवसां कांहींएक दिसत नव्हतें, तेथें आतां उदबत्तीसारख्या रेघा निघतांना दिसल्या. दाराच्या बिजागरीपाशीं, तळाच्या चारी कोंपऱ्यांत, दिव्याची तार आंत जाते त्या भोंकापाशीं. ज्यांच्याकडे अशी पेटी असेल त्यांनीं ही परीक्षा एकदां अवश्य करावी. मग मीं सारी पेटी खोलली. प्रत्येक जोडावर सिलिकॉनचें लुकण भरून, तें ओलें असतांनाच पत्रे पुन्हां आवळले, दाराच्या कडेनें रबरी फोमची पट्टी चिकटविली, आणि लुकण वाळावयास दोन दिवस दिले. संच नव्यानें जोडणारानें हें पहिल्याच दिवशीं करावें. वापरलेल्या पत्र्यांवरची भुकटी पुसून लुकण लावणें हें जिकिरीचें काम आहे.

पण नुसतीं भोकें बुजवून भागत नाहीं. बंदुकींतून हवा सतत पेटींत येत असते. तिला बाहेर जाण्याची वाट आपण दिली नाहीं तर ती स्वतः शोधते. म्हणून पेटींतून हवा ओढून घेणारें यंत्र हवेंच, आणि त्यानें बंदूक जितकी हवा सोडते तिच्याहून अधिक हवा ओढली पाहिजे. म्हणजे जोडांत एखादी फट राहिलीच तरी तिच्यांतून बाहेरची हवा आंत जाईल, आंतली बाहेर येणार नाहीं. घरांतील व्हॅक्युम क्लीनर या कामाला चालतो, पण तो थेट जोडला तर त्याची गाळणी थोड्याच वेळांत चोंदते. मध्यें एक वावटळीची बादली घालावी. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घेऊन तिच्या झांकणांत दोन नळ्या बसवावयाच्या. पेटीकडून येणारी नळी बादलीच्या भिंतीला घासून तिरकी उतरवावी, यंत्राकडे जाणारी मधोमध ठेवावी. हवा बादलींत गरगर फिरते, जड भुकटी कडेला फेकली जाऊन तळाशीं बसते, आणि यंत्राकडे फक्त अगदीं बारीक अंश जातो. त्या अंशासाठीं यंत्रांत बारीक जातीची गाळणी असावी, आणि यंत्राचा उच्छ्वास नळीनें घराबाहेर, शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर, सोडावा. पेटीला बाहेरची हवा घेण्यासाठीं विरुद्ध बाजूस एक लहान, आडोसा दिलेलें छिद्रहि ठेवावें. नाहींतर यंत्र दम लागल्यासारखें ओढीत राहतें आणि धूळ मात्र हलत नाहीं.

सारें ठीक चाललें आहे कीं नाहीं हें पाहण्यास एक अगदीं सोपी खूण आहे, आणि ती मला कोणत्याहि माहितीपत्रकांत आढळली नाहीं. पेटीच्या पुढच्या भिंतींत लांब रबरी हातमोजे बसविलेले असतात. यंत्र सुरू करून हात बाहेर काढा. मोजे पेटीच्या आंत फुगून ताठ उभे राहिले, तर आंतला दाब बाहेरच्याहून कमी आहे, निश्चिंत असावें. मारा सुरू असतांना ते लुळे पडूं लागले, किंवा उलटून आपल्याकडे येऊं लागले, तर ताबडतोब थांबावें. गाळणी चोंदली आहे, किंवा बादली भरली आहे, किंवा मोज्यालाच भोंक पडलें आहे.

यापुढची कथा पाण्याची. वसईच्या बाजूला राहणाऱ्यांना ती विशेष लागू पडते. घरगुती कामासाठीं लोक बहुधा दोन अश्वशक्तीचा काँप्रेसर घेतात. तो मिनिटाला सुमारें सात घनफूट हवा देतो, म्हणजे तासाला बारा घनमीटर. पावसाळ्यांत आमच्याकडील एक घनमीटर हवेंत सुमारें २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें असतें. ही हवा दाबून सातव्या हिश्शाइतक्या जागेंत कोंबली, आणि ती पुन्हां थंड झाली, कीं तेवढी वाफ तिच्यांत मावत नाहीं. हिशेब केला तर तासाला पाव लिटराहून थोडें अधिक पाणी निघतें. म्हणजे तासाभराच्या कामांत आपण पाण्याचें भरलेलें फुलपात्र कुरुंदांत ओतीत असतों! मग कुरुंद ओल्या रव्यासारखा गोळा होतो, नळींत अडकतो, आणि बंदूक शिंकूं लागते. लोक बंदुकीला दोष देतात, नवी बंदूक आणतात, तीहि शिंकते.

पाणी पकडणारी बाटली सर्वजण लावतात. चूक होते ती तिच्या जागेंत. ती काँप्रेसरच्या तोंडाशींच लावलेली असते. तेथें हवा गरम असते, आणि गरम हवेंत पाणी वाफच राहतें. बाटलींतून निर्धास्त पुढें जाऊन नळींत थंड झाल्यावर तें आपलें खरें रूप प्रकट करतें. म्हणून आधीं हवा थंड करावी, मग पाणी पकडावें. मीं पडवीच्या भिंतीवर २५ फूट लोखंडी नळी फिरविली आहे. ती पुढें किंचित् उतरती आहे, शेवटीं खालीं उतरणारा एक आंधळा तुकडा व त्याला कॉक आहे, आणि पेटीकडची शाखा मुख्य नळीच्या वरच्या अंगानें काढून तिच्यावर बाटली बसविली आहे. कॉक अर्ध्या तासानें उघडावा. पहिल्या वेळीं त्यांतून किती पाणी येतें तें पाहून घरांतील मंडळीसुद्धां चकित होतात. स्वस्त म्हणून प्लॅस्टिकची पीव्हीसी नळी मात्र दाबलेल्या हवेसाठीं कदापि वापरूं नये. ती फुटते तेव्हां तिचे सुऱ्यांसारखे तुकडे उडतात. काँप्रेसरच्या टांकींतलें पाणीहि रोज सोडावें, नाहींतर टांकी आंतून गंजते, आणि तो गंज काढण्यास कोणतीच पेटी उपयोगी नाहीं.

बंदुकीची रचना सोपी आहे. एका बारीक तोटींतून हवा सुटते, ती पुढच्या रुंद तोंडांतून जातांना बाजूच्या नळींत ओढ उत्पन्न करते, आणि त्या ओढीनें कुरुंद वर येतो. हवेची तोटी केवढी असावी हें काँप्रेसरनें ठरवावयाचें, आपल्या हौसेनें नव्हे. तीन मिलिमीटरच्या तोटीला चौरस इंचास ८० पौंड दाबावर मिनिटाला सुमारें सतरा घनफूट हवा लागते. दोन अश्वशक्तीचा काँप्रेसर ती देऊं शकत नाहीं, दाब उतरत जातो आणि मारा मिळमिळीत होतो. दोन मिलिमीटरची तोटी लावली कीं तोच काँप्रेसर पुरा पडतो. काम हळू होतें खरें, पण होतें. बाहेरचें रुंद तोंड हवेच्या तोटीच्या सुमारें दुप्पट व्यासाचें असावें. तें चिनी मातीचें असेल तर लवकर झिजतें, आणि एका अंगाला झिजलें कीं झोत फांकतो व ओढ मंदावते. त्या वेळीं तें बदलण्यास कुचराई करूं नये.

मारा मध्येंच थांबतो आणि पुन्हां सुरू होतो, ही तक्रार पाणी नसतांनाहि येते. पुष्कळदां कारण असें असतें कीं पेटीचा तळ उथळ आहे, आणि कुरुंद चारी बाजूंनीं न घसरतां ओढनळीभोंवतीं विहिरीसारखा खड्डा पडतो. तळाचा उतार निदान ४५ अंशांचा हवा, ६० चा असला तर उत्तम. उलट कांहीं वेळां कुरुंद फार भरलेला असतो आणि नळीच्या तोंडाशीं हवाच पोंचत नाहीं. नळीवर, कुरुंदाच्या पातळीहून उंच, एक लहानसें छिद्र पाडलें कीं कुरुंद हवेंत मिसळून सुरळीत वर येतो. माझ्या पेटीला पांच किलो पुरतो. प्रथम मीं दहा किलो ओतला होता.

बघण्याच्या कांचेवर आंतून पातळ प्लॅस्टिकचा कागद लावावा व तो आंधळा झाला कीं बदलावा. मारा सुरू असतां बोटांना विजेचे झटके बसतात. बंदूक, पेटी व आंतली जाळी यांस तांब्याच्या तारेनें जमिनीशीं जोडलें कीं ते थांबतात. नाकावर रुमाल बांधण्यानें कांहींहि होत नाहीं. पेटी उघडतांना आणि बादली रिकामी करतांना बारीक धूळ अडविणारा, चेहऱ्याला नीट बसणारा मुखवटाच हवा. केर कोरड्या केरसुणीनें काढूं नये, ओल्या फडक्यानें पुसावा. कपड्यांवरची धूळ हवेच्या नळीनें उडविण्याची संवय कारीगरांत फार आहे, ती सोडावी.

प्रत्येक वस्तु या पेटींत घालण्याजोगी नसते. जुन्या रंगांत शिसें असतें; घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशांत कायद्याची मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरांत. म्हणून आजोबांच्या काळच्या खिडकीच्या जाळ्या किंवा पाळणे घरच्या पेटींत साफ करूं नयेत. जुनी पितळ-कांशाचीं भांडींहि बाजूलाच ठेवावीं. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली तेव्हां येथील चर्चमधील घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत आणि मेणवलीच्या घाटावर त्या आजहि टांगलेल्या आहेत. अशा घंटेवरची काळपट हिरवी पुटें म्हणजे मळ नव्हे, तीं धातूचें पांघरूण होत. आणि मारा अक्षराची कड व गंजाची कड यांत भेद करीत नाहीं.

साफ झालेलें लोखंड फार हळवें असतें. त्याला उघड्या बोटांचा घामहि सोसत नाहीं. आमच्या खाऱ्या, दमट हवेंत तें तासाभरांत पिवळट पडूं लागतें. म्हणून रंगाचा डबा आणि कुंचला आधीं काढून ठेवावा व मगच मारा सुरू करावा. नाखव्यांचे भाग मीं दुपारीं साफ केले आणि सूर्य मावळण्यापूर्वीं त्यांस पहिला हात दिला. नारळी पौर्णिमेच्या आधींच ते भाग इंजिनावर चढले. रेतीचें पोतें मात्र परत न्यावयास ते आले नाहींत. पावसाळा सरल्यावर कुंपणाचे दोन खांब पुन्हां उभे करावयाचे होते, त्यांच्या काँक्रीटमध्यें मीं तें घातलें.